रात्री उभी, सकाळी बसलेली: जुन्या रेंज रोव्हरचं एअर सस्पेन्शन कसं तपासावं, कसं दुरुस्त करावं

एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगांवर तोलणारी रचना, बिघडलं की पहिला संशय हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर जातो आणि पहिला खर्चही त्याच्यावरच होतो. नवा कॉम्प्रेसर बसतो, गाडी दोन-तीन महिने नीट चालते आणि मग नवाही जळतो. कारण साधं आहे. कॉम्प्रेसर हा या साखळीत सर्वांत शेवटी मरणारा भाग आहे. त्याला मारणारी गळती दुसरीकडेच असते आणि तिला कुणी हातच लावलेला नसतो.

ही साखळी आधी समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्यांचा क्रम असा का आहे ते कळेल. एखाद्या एअर स्प्रिंगच्या रबराला बारीक चीर पडते. हवा हळूहळू बाहेर जाते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर वारंवार चालू होतो. प्रत्येक वेळी तो बाहेरची दमट हवा आत ओढतो आणि ड्रायरमधले दाणे त्यातली वाफ शोषून घेतात. निरोगी सिस्टीममध्ये गाडी खाली येते तेव्हा स्प्रिंगमधली कोरडी हवा उलट्या दिशेने ड्रायरमधूनच बाहेर जाते आणि जाताना दाण्यांतला ओलावा घेऊन जाते. म्हणजे ड्रायर स्वतःच स्वतःला वाळवतो. चिरेतून गेलेली हवा मात्र ड्रायरकडे परत येत नाही. ओलावा आत साचत राहतो, दाणे भिजतात, फुटतात, त्यांची पूड व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (कोणत्या कोपऱ्यात हवा जायची ते ठरवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात) जाते, हवेच्या टाकीत पाणी जमतं. तोवर कॉम्प्रेसरची पिस्टन सील झिजलेली असते. शेवटी डॅशबोर्डवर फॉल्ट येतो आणि आपण इलेक्ट्रॉनिक्सच्या मागे लागतो.

म्हणून क्रम असा: आधी गळती, मग ड्रायर, मग कॉम्प्रेसर, आणि इलेक्ट्रॉनिक्स सर्वांत शेवटी.

इथे आधार म्हणून १९९४ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर, म्हणजे पी३८, घेतली आहे. चारही कोपऱ्यांवर हवा आणि टाकी असलेली ही सिस्टीम मुळात १९९२ मध्ये रेंज रोव्हर क्लासिकवर आली होती. दोन्हींचं तत्त्व एकच आहे. नंतरच्या गाड्यांत काय बदललं ते शेवटाकडे थोडक्यात येईल.

सिस्टीममध्ये काय काय आहे

बॉनेटखाली प्लॅस्टिकची एक पेटी असते. तिच्यात कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक शेजारी-शेजारी बसलेले असतात. चेसिसला १० लिटरची टाकी लटकवलेली असते. टाकीतला दाब साधारण साडेसात बारच्या खाली गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू करतो आणि १० बारच्या आसपास बंद करतो. कॉम्प्रेसर फक्त इंजिन चालू असतानाच चालतो, हे लक्षात ठेवा. नुसती चावी फिरवून "कॉम्प्रेसर मेला" असा निष्कर्ष काढू नका.

व्हॉल्व्ह ब्लॉकवर सात सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपा, असतात: चार कोपऱ्यांचे चार, एक हवा आत घेण्याचा, एक बाहेर सोडण्याचा आणि सातवा डायफ्रॅम व्हॉल्व्ह चालवणारा. ब्लॉकच्या आत हवा एकाच दिशेने जाऊ देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही आहेत. ब्लॉकपासून स्प्रिंगपर्यंत ६ मिमी व्यासाचा नायलॉन पाइप जातो. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो, म्हणजे एक पोटेन्शिओमीटर (आतल्या पट्टीवरून सरकताना विजेचा आकडा बदलणारा भाग) आणि त्याला जोडलेली छोटी दांडी.

या पिढीच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे सस्पेन्शन चालवणाऱ्या संगणकाला, टाकीतला नेमका दाब कळत नाही. त्याला एवढंच माहीत असतं की स्विच उघडा आहे की बंद, आणि चारही कोपरे किती उंचीवर आहेत. "हा कोपरा वर ने" असं सांगूनही ठरलेल्या वेळात उंची आली नाही, तर ते फॉल्ट टाकून गप्प बसतं. दोष रबरात आहे, पाइपात आहे की सेन्सरमध्ये, हे त्याला सांगता येत नाही. ते शोधणं आपल्याकडे येतं.

हात घालण्याआधी

हवेवर उभी असलेली गाडी म्हणजे हवेवर ठेवलेलं दोन टनांहून जास्त वजन. एखादा पाइप सुटला तर ती क्षणात बंप स्टॉपवर (अक्ष आणि चेसिस यांच्यामधल्या रबरी अडसरावर) येते, आणि चाक व मडगार्ड यांच्यामधली जागा नाहीशी होते. तिथे हात, डोकं, काही असता कामा नये.

- गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावा.
- गाडीखाली जायचं असेल तर चेसिसला पक्के स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या हवेवर भरवसा ठेवू नका.
- गाडी हव्या त्या उंचीवर आणून इंजिन बंद केलं की एक दार उघडं ठेवा. दार उघडं असताना ही सिस्टीम उंची बदलत नाही.
- त्याच वेळी पुढच्या सीटखालचा सस्पेन्शनचा डिले रिले काढून ठेवा. याचं कारण पुढे येतं.
- पाइप सोडताना चष्मा घाला. १० बारच्या हवेबरोबर उडालेला वाळूचा कण डोळ्याचं काम संपवतो.

पहिली पायरी: गळतो तो कोपरा कोणता

बहुतेक जण इथेच फसतात. पार्क केल्यावरही ही गाडी पूर्ण झोपत नाही. डिले रिले साधारण दर सहा तासांनी कंट्रोल युनिटला जागं करतो. ते चारही उंची पाहतं आणि जो कोपरा सर्वांत खाली आहे त्याच्या पातळीला उरलेले तीन आणतं. इंजिन बंद असल्याने गळका कोपरा वर उचलण्याऐवजी चांगले कोपरे खाली आणले जातात. परिणामी एकाच स्प्रिंगला चीर असते, पण सकाळी गाडी चारही बाजूंनी सारखी बसलेली दिसते. मग "चारही बॅगा (म्हणजे एअर स्प्रिंगा) गेल्या" असं निदान होतं आणि तीन चांगल्या बॅगा फेकून दिल्या जातात.

म्हणून तपासणी अशी करा:

१. इंजिन चालू करून गाडी नेहमीच्या उंचीवर आणा, टाकी भरू द्या, कॉम्प्रेसर आपोआप बंद होईपर्यंत थांबा. तो बंदच होत नसेल तर ते लिहून ठेवा, कॉम्प्रेसरच्या भागात त्याचा उपयोग होईल.

२. इंजिन बंद करा, डिले रिले काढा.

३. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने आकडा बदलतो.

४. बारा तासांनी पुन्हा मोजा. शक्य असेल तर चोवीस तासांनी आणखी एकदा.

जो कोपरा इतरांपेक्षा ठळक खाली आला तो आपला. चारही कोपरे थोडे आणि सारखे खाली आले असतील तर घाबरू नका. हवा थंड झाली की आकसते. ३५ अंशांची हवा १५ अंशांवर आली तर वजन तेच असताना तिचं आकारमान साडेसहा टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे थंड रात्रीनंतर काही मिलिमीटरचा फरक हा भौतिकशास्त्राचा असतो, चिरेचा नसतो.

हीच चाचणी एकदा नेहमीच्या उंचीवर आणि एकदा सर्वांत वरच्या उंचीवर करा. स्प्रिंगचं रबर तिच्याच तळाच्या नळकांड्यावरून (याला पिस्टन म्हणतात) उलटं वळून घडी घालतं, आणि उंची बदलली की घडीची जागा सरकते. चीर घडीत आली की उघडते, सपाट भागात गेली की मिटते. त्यामुळे काही स्प्रिंगा एका उंचीवर आठवडाभर टिकतात आणि दुसऱ्या उंचीवर दोन तासांत बसतात. जुन्या स्प्रिंगांची चीर बहुधा नेहमीच्या उंचीच्या घडीत सापडते, कारण आयुष्यभर रबर तिथेच वळलेलं असतं.

दुसरी पायरी: त्या कोपऱ्यात नेमकं कुठे

संशयित तीन आहेत: स्प्रिंग, पाइप व त्याचे सांधे, आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमधल्या त्या कोपऱ्याच्या ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या गोल रबरी कड्या) किंवा सोलेनॉइड.

भांड्याचा साबण पाण्यात दाट मिसळा आणि फवारणीच्या बाटलीत भरा. गाडी वरच्या उंचीवर घेऊन चेसिस स्टँडवर टेकवा, चाक काढा. स्प्रिंगचा चिखल आधी साध्या पाण्याने धुवा, चिखलाखाली बुडबुडे दिसत नाहीत. मग साबणाचं पाणी मारा आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा. मोठी चीर लगेच फेस काढते. बारीक चीर पांढऱ्या मुंग्यांसारखी एका ओळीत हळूहळू उमटते. घडीचा भाग, रबर आणि धातूची कडी यांचा सांधा आणि वरचा पाइपचा सांधा, ही तीन ठिकाणं सोडू नका. पाइप जिथे चेसिसच्या धारेवरून किंवा एक्झॉस्टजवळून जातो तिथेही फवारा.

काहीच दिसलं नाही तर बॉनेटखालच्या पेटीचं झाकण काढा आणि ब्लॉकवरच्या प्रत्येक पाइपच्या तोंडाशी फवारा. विजेच्या जोडण्यांवर पाणी जाऊ देऊ नका. इथे फवारणीपेक्षा रंगाच्या छोट्या ब्रशने साबणाचं पाणी लावणं बरं.

तरीही निकाल लागत नसेल तर ब्लॉक वगळून नुसता तो कोपरा तपासा. गाडी स्टँडवर असताना संशयित कोपऱ्याचा पाइप ब्लॉकमधून सोडवा. त्याला ६ मिमीच्या पुश-फिट (नुसता पाइप ढकलून बसणाऱ्या) जोडणीवर बसवलेला टायरचा व्हॉल्व्ह लावा आणि पंपाने त्या कोपऱ्यात हवा भरा. आता हा कोपरा ब्लॉकपासून स्वतंत्र झाला. ब्लॉकमधल्या रिकाम्या भोकात ६ मिमी नायलॉन पाइपचा बंद केलेला तुकडा खोचा. चाक लावून गाडी उतरवा आणि बारा तास ठेवा. कोपरा टिकला तर दोष ब्लॉकमध्ये आहे. बसला तर पाइप किंवा स्प्रिंगमध्ये. पाच मिनिटांचं हे काम तीन आठवड्यांचा गोंधळ वाचवतं.

स्प्रिंग बदलताना

एकाच अक्षावरच्या दोन्ही स्प्रिंगा एकत्र बदला. दोघींचं वय सारखंच असतं. डावी आज फाटली तर उजवी काही महिन्यांत फाटणार.

१. गाडी वरच्या उंचीवर घ्या, चेसिस स्टँडवर ठेवा, चाक काढा. अक्षाखाली दुसरा जॅक लावा, म्हणजे तो हवा तसा वर-खाली करता येईल.

२. त्या स्प्रिंगमधली हवा सोडा. गाडीचे फॉल्ट वाचणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याने, नसेल तर ब्लॉकवरचा तिचा पाइप सोडवून. स्प्रिंगमध्ये हवा असताना वरच्या क्लिपा काढायच्या नाहीत.

३. पाइप सोडवताना आधी पाइप आत दाबा, मग त्याच्याभोवतीची प्लॅस्टिकची कॉलेट (पाइप पकडून ठेवणारी दातेरी कडी) दोन्ही बाजूंनी सारखी दाबून धरा आणि पाइप सरळ बाहेर ओढा. कॉलेट तिरकी दाबली तर तिचे दात पाइपवर ओरखडे काढतात आणि नव्या ओ-रिंगाही गळू लागतात.

४. वरच्या क्लिपा आणि खालच्या पिना काढा. खालच्या पिना गंजलेल्या असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, पण ते रबरावर पडू देऊ नका. अक्ष जॅकने खाली करून स्प्रिंग काढा.

५. वरची आणि खालची बैठक तारेच्या ब्रशने साफ करा. खालच्या बैठकीत गंजाचे पापुद्रे किंवा खडे राहिले तर नव्या स्प्रिंगचं प्लॅस्टिक तिरकं बसतं.

६. पाइपचं टोक धारदार ब्लेडने काटकोनात कापा. ओरखडलेले दोन-तीन मिलिमीटर उडवा. कात्री किंवा पक्कड वापरू नका, पाइप चपटा होतो. टोकापासून २० मिमीवर पेनने खूण करा.

७. नवी स्प्रिंग बसवा, रबराला पीळ पडलेला नाही हे बघा, क्लिपा आणि पिना लावा. पाइप खुणेपर्यंत आत ढकला, मग हलका बाहेर ओढून कॉलेटने पकडलंय का ते पाहा. खूण बाहेर राहिली तर पाइप फक्त पहिल्या ओ-रिंगेपर्यंत पोहोचलाय. तो आज टिकेल आणि पहिल्या खड्ड्यात सुटेल.

८. सर्वांत महत्त्वाचं: रिकाम्या स्प्रिंगवर गाडीचं वजन टाकू नका. अक्ष जॅकने नेहमीच्या उंचीच्या जवळपास आणा, स्प्रिंगमध्ये थोडी हवा भरा आणि रबर पिस्टनवरून चारही बाजूंनी सारखं उलटतंय का ते बघा. मगच हळूहळू वजन सोडा. हवेविना गाडी उतरवली तर रबर वेडंवाकडं दुमडतं आणि दोन धातूंमध्ये चिमटतं. नवी स्प्रिंग पहिल्याच दिवशी फाटण्याचं हे ठरलेलं कारण आहे. उलट, अक्ष पूर्ण खाली लटकत असताना पूर्ण दाब भरणंही वाईट. तेव्हा रबराला आधार देणारी घडीच उरत नाही.

नवी म्हणून विकली जाणारी स्प्रिंग खरोखर नवी आहे का, हे रबरावर छापलेल्या तारखेवरून पाहा. गोदामात वर्षानुवर्षं पडलेलं रबर गाडीवर न लागताही कडक होतं.

व्हॉल्व्ह ब्लॉक

हे कौशल्यापेक्षा चिकाटीचं काम आहे. आत तीसहून जास्त ओ-रिंगा असतात आणि त्या संचातच मिळतात. एक गळते म्हणून एकच बदलण्यात अर्थ नाही, बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत.

पाइप सोडण्याआधी प्रत्येकाला टेप लावून क्रमांक लिहा आणि फोटो काढा. आधी टाकीचा पाइप सैल करून टाकी रिकामी करा. मगच ब्लॉक सोडवा. टेबलावर पांढरं स्वच्छ कापड अंथरा आणि निघेल तो भाग निघाला त्याच क्रमाने मांडत जा. सोलेनॉइडच्या वरच्या आणि खालच्या ओ-रिंगांचे आकार वेगळे असतात. संचातल्या रिंगा शेजारी ठेवून जुळवा, अंदाजाने बसवू नका.

पाइपच्या प्रत्येक भोकात कॉलेटखाली दोन ओ-रिंगा आणि मध्ये एक कडी असते. त्या काढायला लोखंडी सुई वापरू नका. ब्लॉकच्या अॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की ते भोक कायमचं गळकं झालं. पितळेची किंवा प्लॅस्टिकची टोकदार काडी घ्या. भोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल आणि ब्रेक क्लीनर रबराला फुगवतात, ते लांब ठेवा. नव्या रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावा. चमक दिसली की पुरे. जास्त ग्रीस सोलेनॉइडच्या बारीक वाटेत जाऊन बसतं.

आत पांढरी किंवा पिवळट पूड सापडली तर हातातलं काम थांबवून आधी ड्रायरकडे वळा. ती ड्रायरच्या दाण्यांची पूड आहे. ड्रायर तसाच ठेवून ब्लॉक कितीही स्वच्छ केला तरी महिन्याभरात पुन्हा तीच अवस्था येते.

डायफ्रॅम आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह याच वेळी तपासा. डायफ्रॅम फाटलेला असेल तर कॉम्प्रेसर जोमात चालतो, पण हवा टाकीत न जाता सस्पेन्शनच्या हवा बाहेर सोडण्याच्या वाटेवरच्या छोट्या सायलेन्सरमधून (इंजिनच्या नव्हे) फुसफुसत राहते. हे लक्षण कानाने ओळखता येतं. ब्लॉक उघडण्याआधीच इंजिन चालू ठेवून सायलेन्सरजवळ कान न्या. इंजिन बंद असतानाही तिथून सतत हवा येत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा एक्झॉस्टचा सोलेनॉइड नीट बसत नाहीये.

गाडी वर जाते पण खाली यायला फार वेळ लावते, असा दोष असेल तर उलटा विचार करा. हवा बाहेर जायची वाट कुठेतरी तुंबली आहे: सायलेन्सर, ड्रायर किंवा एक्झॉस्ट सोलेनॉइड. यातला सायलेन्सर सर्वांत सोपा. काढून बघा, तुंबला असेल तर बदला.

ड्रायर आणि टाकी

टाकीतला दाब पूर्ण सोडल्यावर तिचा तळाचा प्लग उघडा. कोरडी टाकी म्हणजे ड्रायर काम करतोय. पाणी आलं, मग ते चमचाभर असो की वाटीभर, तर ड्रायर संपला. गंजाचं लाल पाणी आलं तर टाकीची आतली बाजूही प्रकाशात बघा. आतून खाल्लेली टाकी १० बारवर वापरायची नाही, ती बदलायची.

ड्रायर उघडणारा असेल तर दाणे आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या बदला. जाळी फाटलेली असली तर नवे दाणेही ब्लॉकमध्ये जातात. जुने दाणे ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात असं म्हणतात, पण तेलकट किंवा चुरा झालेले दाणे कितीही वाळवले तरी कामाचे नसतात.

कॉम्प्रेसर

आता कॉम्प्रेसरकडे या. त्याच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर टी-जोडणी करून १६ बारपर्यंतचा प्रेशर गेज लावा आणि इंजिन चालू करा. चांगला कॉम्प्रेसर १० बार गाठतो आणि स्विच त्याला बंद करतो. पाच-सहा बारवर काटा रेंगाळत असेल तर पिस्टन सील झिजली आहे. असा कॉम्प्रेसर फसवतो. त्या दाबाने गाडी थोडीफार उचललीही जाते, त्यामुळे "चालतोय" असं वाटतं. पण स्विच उघडण्याइतका दाब कधीच होत नाही, म्हणून तो थांबत नाही, तापतो आणि शेवटी त्याचा थर्मल स्विच त्याला तोडतो. गाडी अर्धा तास उभी राहिली की थंड होऊन पुन्हा चालू. हे चक्र दिसलं की सील बदलायची वेळ झाली.

सील बदलणं घरी होतं. डोक्याचे स्क्रू काढा, सिलिंडरचा लायनर उचला, जुनी टेफ्लॉनची रिंग काढा. लायनरवर उभे खोल चरे असतील तर तोही बदला, नाहीतर नवी रिंग महिनोन् महिने टिकणार नाही. रिंगची तिरकी धार जुन्या रिंगेची होती त्याच दिशेला ठेवा. आणि इथे हात आवरा: तेल नाही, ग्रीस नाही, काही नाही. हा कोरडा चालणारा कॉम्प्रेसर आहे. तेल लावलं तर त्यात धूळ चिकटून त्याचा सहाणेसारखा घासणारा लेप होतो आणि तेलाची वाफ ड्रायर खराब करते. आत येणाऱ्या हवेचा फिल्टर बदलायला विसरू नका.

कॉम्प्रेसर मुळीच चालत नसेल तर क्रमाने बघा: फ्यूज, रिले, थर्मल स्विच, प्रेशर स्विच. कॉम्प्रेसरचा कनेक्टर सोडवून त्याला बॅटरीवरून थेट, पण जाड वायरने आणि मध्ये फ्यूज ठेवून, १२ व्होल्ट काही सेकंद द्या. फिरला तर मोटर ठीक आहे, फ्यूज, रिले आणि स्विच यांच्याकडे परत जा.

सेन्सर आणि कंट्रोल युनिट

हवा कुठेच गळत नाही, टाकी भरते, तरी गाडी उभ्या-उभ्या एक कोपरा वर-खाली करत राहते किंवा अचानक फॉल्ट टाकते, तेव्हाच सेन्सरकडे या. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि उंचीनुसार त्याचं आउटपुट त्या ५ व्होल्टच्या आत बदलतं. दांडी सोडवा, मीटर लावा आणि हात हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आकडा सलग चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा शून्यावर गेला तर पट्टी झिजली आहे. काट्याचा जुना मीटर इथे डिजिटलपेक्षा चांगला, त्याचा काटा दचकलेला दिसतो. झीज बहुतेक नेहमीच्या उंचीच्या जागेवरच असते. दांडीच्या टोकांचे रबरी सांधे ढिले झाले तरी हेच लक्षण येतं, आणि ते बदलणं फार सोपं.

सोलेनॉइडची कॉइल तपासताना सातही कॉइलचा रोध मोजून एकमेकांशी ताडून पाहा. चार कोपऱ्यांचे चार जवळजवळ सारखे असायला हवेत. एक वेगळा निघाला तर तोच.

दोष काढल्यावरही डॅशबोर्डवरचा फॉल्ट आणि ताशी ३५ मैलांच्या मर्यादेचा संदेश जात नसेल, तर तो कंट्रोल युनिटमध्ये अडकून राहिलेला असतो. बॅटरी काढून तो जात नाही. या गाडीच्या सस्पेन्शनशी बाजारातला सर्वसाधारण ओबीडी स्कॅनर (गाडीचे फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) बोलत नाही. त्यासाठी खास केबल आणि सॉफ्टवेअर लागतं. फॉल्ट पुसण्याआधी तो वाचून लिहून ठेवा.

सेन्सर बदलला तर उंचीचं कॅलिब्रेशन करावंच लागतं. गाडी सपाट जागेवर, टायरचा दाब योग्य, गाडीत सामान नाही अशी ठेवा. प्रत्येक उंचीसाठी अक्ष आणि बंप स्टॉप यांच्यामध्ये सारख्या मापाचे लाकडी ठोकळे ठेवून सॉफ्टवेअरमध्ये त्या कोपऱ्याचा आकडा साठवा. ठोकळे एकाच फळीतून, एकाच मापाने कापा. डावी-उजवीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिला तर कंट्रोल युनिट कायम गाडी सरळ करायच्या प्रयत्नात राहतं आणि कॉम्प्रेसर पुन्हा कामाला लागतो.

इतर गाड्यांत काय वेगळं

डिस्कव्हरीच्या दुसऱ्या पिढीत हवा फक्त मागच्या दोन चाकांना असते. तिथे टाकी नसते, कॉम्प्रेसर थेट स्प्रिंग भरतो, त्यामुळे गळतीचा भार सरळ त्याच्यावर येतो. २००४ पासूनच्या डिस्कव्हरी ३ मध्ये दाब मोजणारा सेन्सर आहे आणि फॉल्ट कोड बरंच सांगतात. पण स्वतंत्र सस्पेन्शनमुळे तिथे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच नळकांड्यात असतात. बारा तासांची उंचीची चाचणी आणि साबणाचं पाणी दोन्हीकडे तसंच लागू पडतं.

रस्त्यात अडकल्यावर

गाडी बंप स्टॉपवर बसली तरी हळू चालवता येते. वेग कमी ठेवा, खड्डे टाळा, टायर मडगार्डला घासतंय का ते थोड्या-थोड्या वेळाने उतरून पाहा. लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत ६ मिमी नायलॉन पाइपचा दोन मीटर तुकडा, ६ मिमीच्या चार सरळ पुश-फिट जोडण्या, टायरचा व्हॉल्व्ह बसवलेल्या चार जोडण्या, धारदार ब्लेड आणि टायर भरायचा पंप ठेवा. चारही कोपऱ्यांचे पाइप ब्लॉकमधून सोडवून त्यांना व्हॉल्व्ह लावले की प्रत्येक कोपरा टायरसारखा भरता येतो. दाबाचा आकडा बघू नका, मडगार्डपर्यंतचं अंतर बघा. नेहमीच्या उंचीच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबा, आणि भरताना आळीपाळीने थोडं-थोडं भरा, नाहीतर गाडी कर्णात झुकते. स्प्रिंगच फाटली असेल तर त्या कोपऱ्यात हवा टिकणार नाही. तिथे अक्ष आणि बंप स्टॉप यांच्यामध्ये जाड रबराचा ठोकळा घट्ट बांधून माणसाच्या चालीने घर गाठावं लागतं.